'रंग जरा भडक करा'

प्रश्न : मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, पाठवलं की प्रकाशक 'छान' म्हणतात. चित्र पूर्ण झालं की विक्री विभाग जागा होतो: 'रंग भडक करा', 'चेहरा मोठा करा', 'अजून एक पर्याय द्या'. छापून येतं ते माझं वाटत नाही. नकार दिला तर काम जाईल. काय करू?

उत्तर : तुमचा आग्रह रास्त आहे, फक्त तो उशिरा सुरू होतो. चित्र पूर्ण होईपर्यंत तुमची मेहनत खर्ची पडलेली असते आणि छपाईची तारीख डोक्यावर असते. तिथे चित्रकाराला माघार घ्यावीच लागते. म्हणून काम हाती घेतानाच दोन-तीन ओळींत लिहून कळवा: या मुखपृष्ठात काय बदलणार नाही आणि काय बदलू शकतं. मग रफ, त्यानंतर फक्त करड्या छटांतलं चित्र, मग रंग. विक्री विभागाला रफच्या वेळीच दाखवायला सांगा आणि प्रत्येक टप्प्याची मंजुरी लेखी घ्या. सूचना एकाच माणसाकडून, एकत्र याव्यात. बदलांच्या दोन फेऱ्या मानधनात, तिसरीचे पैसे वेगळे. ही अट आधी घातली की निम्म्या सूचना आपोआप गळतात.

रफ दोन किंवा तीनच द्या. संख्या भरायला एखादं न आवडलेलं घातलंत तर नेमकं तेच पसंत पडतं आणि मग ते निमूटपणे रंगवत बसावं लागतं.

आता 'भडक'बद्दल. समोरचा उपाय सांगतो, दुखणं सांगत नाही. ते तुम्ही शोधायचं. मुखपृष्ठ पडद्यावर अंगठ्याच्या नखाएवढं करा, रंग काढून करडं करून पाहा. शीर्षक पार्श्वभूमीत विरघळलं असेल तर दोष रंगाचा नाही, छटांमधल्या फरकाचा आहे. शीर्षकामागचा भाग गडद किंवा फिका केला की तक्रार बहुधा मिटते आणि तुमची रंगसंगती शाबूत राहते. शिवाय पडद्यावरचे झगझगीत हिरवे-नारिंगी रंग छपाईच्या चार शाईंत उतरतच नाहीत, मळकट होतात. तसा नमुना छापून दाखवा, वाद घालू नका. 'चेहरा मोठा करा' म्हणजे बहुतेकदा नजर कुठे ठरत नाही. आजूबाजूच्या दोन गोष्टींचं ओझं काढा, चेहरा आहे तेवढाच राहून मोठा दिसू लागेल.

करारात तीन गोष्टी हव्यात. विचारल्याशिवाय चित्रात फेरफार नाही. काम मध्येच थांबलं तर टप्प्यानुसार पैसे. फेरफार पटला नाही तर नाव काढून घेण्याची मुभा. लेअर असलेली फाइल, म्हणजे चित्राचे थर सुटे सुटे बदलता येतात ती, तर मागितली म्हणून देऊ नका. ती गेली की फेरफार कोणीही करतं. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या '६ बिस' या कलमात (१९२८ सालची भर) प्रतिष्ठेला बाधा आणणाऱ्या विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा कलावंताचा हक्क मान्य केला आहे. पण तो बजावण्याबाबत देशोदेशीचे कायदे वेगळे, त्यामुळे करारातली ओळच कामी येते.

प्रश्न : सध्या चलती असलेल्या शैलीतच काम मागतात. करू का?

उत्तर : पैशांची गरज असेल तर खुशाल करा. मात्र ते आपल्या कामांच्या संग्रहात ठेवू नका. लोक जे पाहतात तेच मागतात. तिथे फक्त पुन्हा करायला आवडेल असं काम हवं, मग ते पाचच चित्रांचं का असेना.