वाचकांचे प्रश्न : झेनचं पाणी जातं कुठं?

प्रश्न : दादा, नमस्कार. माझ्याकडे २००३ सालची मारुती झेन आहे, पेट्रोलवरची. सासऱ्यांनी घेतली होती, आता मीच चालवते. रोज मुलुंड ते ठाणे शाळेत जाणं-येणं, सुट्टीत नाशिक. मार्चपासून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रंगीत पाणी, कमी होतंय. आठ-दहा दिवसांत बाटली रिकामी होते, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. नाशिकहून आल्यावर तर जास्तच कमी झालेलं असतं. नेहमीच्या मेकॅनिकने "मुंबईत लागत नाही" म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला आणि रेडिएटरमध्ये हळद टाकली. दोन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने ऑइलचं झाकण उघडून आतला पांढरट फेस दाखवला. हेड गॅस्केट गेलंय म्हणाला, २८,००० रुपये सांगितले. पट्ट्याच्या बाजूला इंजिनवर हिरवट-पांढरा ओघळ सुकलेला दिसतो, तो त्याच्या मते जुना आहे. सायलेन्सरमधून धूर येत नाही. काटा तर आता पूर्वीपेक्षा खालीच असतो. शेजारी म्हणतात भंगारात द्या. पण गेल्याच वर्षी पर्यावरण कर भरून नोंदणी वाढवून घेतली आहे. काय करू?
– एक शिक्षिका, मुलुंड पूर्व

उत्तर : ताई, २८,००० रुपये आत्ता कोणाला देऊ नका आणि गाडी भंगारातही घालू नका. हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग (ब्लॉक) यांच्यामधली सांधा बंद करणारी पट्टी. ते गेल्याचा एकही पक्का पुरावा तुमच्या पत्रात नाही. इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपावर संशय यावा अशा दोन गोष्टी मात्र तुम्ही स्वतःच लिहिल्या आहेत.

आधी फेसाचं बघू, कारण तुम्हाला घाबरवलं त्यानेच. कूलंट ऑइलमध्ये मिसळलं की फेस येतो, हे खरं. पण इंजिन पुरेसं तापलं नाही तरी येतो. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी खाली ऑइलच्या भागात उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. नाही तापलं तर वरच्या थंड झाकणाला पाणी होऊन चिकटते आणि ऑइलशी घुसळून फेस धरते. मुलुंड-ठाणे हे अंतर इतकं कमी की इंजिन तापेपर्यंत शाळा येते. त्यात पावसाळ्याची दमट हवा, आणि त्यात थर्मोस्टॅट काढलेला. असा फेस फक्त झाकणापाशी असतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) ओढून पुसा, पुन्हा घालून काढा. तिच्यावरचं ऑइल स्वच्छ असेल आणि पातळी वाढलेली नसेल, तर त्या फेसापायी कोणाला हेड उघडू देऊ नका.

तरी खात्री करायचीच. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची टोपी काढा, पाणी तोंडापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीला अडकलेल्या हवेचे एक-दोन बुडबुडे येतील, त्याचं काही नाही. पण बुडबुडे एकसारखे येत राहिले, किंवा टोपी लावून थंड गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटातच वरचा रबरी होज पाइप दगडासारखा कडक झाला, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. मग गॅस्केटचा संशय खरा. बऱ्या गॅरेजमध्ये यासाठी निळं द्रव भरलेली नळी असते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरतात. जळलेला वायू आला तर निळं द्रव पिवळं होतं. या चाचणीला फार वेळ लागत नाही. ती न करता हेड उतरवायला सांगणाऱ्याकडे गाडी ठेवू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो.

आता थर्मोस्टॅट. "मुंबईत थंडी कुठे पडते, काढून टाका" हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं आणि मला त्याची चीड येते. थर्मोस्टॅट थंडीसाठी नसतो. इंजिन लवकर योग्य तापमानाला आणायचं आणि तिथे टिकवायचं, हे त्याचं काम. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागतो. तो नसला की पाणी पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरतं, इंजिन गार राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं. तुमचा काटा पूर्वीपेक्षा खाली राहतो तो याचमुळे. गाडी सुधारली म्हणून नाही.

काट्याबद्दल आणखी एक, आणि हे जिवाला लावून घ्या. तापमान मोजणारा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी त्याच्या खाली गेलं की तो नुसत्या हवेत राहतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा खाली दिसू शकतो. झेनचं इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं आहे. ते एकदा जास्त तापलं की हेड वाकडं होतं, आणि तेव्हा मात्र गॅस्केटचा खर्च खरोखर येतो. म्हणून गळती सापडेपर्यंत नाशिक नको, कसारा घाट तर मुळीच नको. रोज सकाळी थंड इंजिनवर बाटलीतली पातळी बघा आणि आठवड्यातून एकदा टोपी उघडून रेडिएटरमध्येही बघा. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा असंही होतं.

मग पाणी जातं कुठं? वॉटर पंपाच्या दांड्यावर एक सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये, बाहेर यावं, म्हणून पंपाच्या अंगावर खालच्या बाजूला एक छोटं भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तुम्ही पाहिलेला हिरवट-पांढरा ओघळ बहुधा तिथलाच आहे. इंजिन गरम आणि पाणी दाबाखाली असताना तिथून बारीक पाझर होतो आणि जमिनीवर पडायच्या आत गरम इंजिनवर वाळून जातो. मागे राहतो फक्त रंग. थेंब न दिसणं आणि लांबच्या प्रवासात जास्त कमी होणं, दोन्हीचा मेळ इथे बसतो. ओघळ जुना की नवा हे ठरवणं सोपं आहे: ओल्या फडक्याने पुसून काढा आणि चार दिवसांनी पुन्हा बघा.

तरीही केवळ माझ्या पत्रावरून पंप बदलू नका. गाडी प्रेशर टेस्टर असलेल्या गॅरेजमध्ये न्या. हा एक हातपंप आणि त्याला जोडलेला घड्याळी काटा असतो. थंड इंजिनवर रेडिएटरच्या टोपीच्या जागी तो बसवतात आणि टोपीवर छापलेल्या आकड्याइतकाच दाब देतात. तुमच्या टोपीवर बहुधा ०.९ असेल. मग पंधरा-वीस मिनिटं काटा बघत राहायचं. काटा उतरला तर पाणी कुठून तरी बाहेर येणारच, आणि इंजिन थंड असल्याने वाळणार नाही, दिसेल. टॉर्च घेऊन पंपाचं भोक, होज पाइपची टोकं, रेडिएटरच्या वरच्या-खालच्या प्लास्टिकच्या टाक्यांचे सांधे आणि ब्लॉकवर ठोकलेल्या पत्र्याच्या गोल चकत्या, सगळं बघून घ्यायला सांगा. तुम्ही तिथे उभ्या राहा. आपल्या डोळ्यांनी पाहिलं की दुसऱ्याच्या सांगण्यावर पैसे द्यावे लागत नाहीत.

त्याच यंत्रावर टोपीही तपासता येते. टोपीचं काम कुकरच्या शिटीचंच आहे: दाब धरून ठेवायचा म्हणजे पाणी लवकर उकळत नाही. ०.९ चा दाब असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट असलेलं सव्वाशेच्या वर. टोपीचं रबर कडक झालं की दाब सुटतो, पाणी बाटलीत जातं आणि तिथून बाहेर. ही टोपी काहीशे रुपयांत मिळते. इतक्या जुन्या गाडीत ती बदलूनच टाका.

पंप निघाला तर काम असं. या इंजिनात पंप काढायला टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा पट्टा) उतरवावा लागतो. उतरवलाच आहे तर बेल्ट आणि त्याला ताणून धरणारं टेन्शनर बेअरिंग नवीन घाला, कारण मजुरी एकदाच लागते. थर्मोस्टॅट आणि त्याचं गॅस्केट नवीन. होज पाइप टोकाशी फुगलेले किंवा दाबल्यावर करकरणारे असतील तर तेही. झेन बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण सुटे भाग मिळतात. ऑपेरा हाऊसच्या बाजारात चौकशी करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने काढलेले भागही मिळतात, पण वॉटर पंप जुना घेऊ नका. आरसा, दिवा, दाराचं हँडल जुनं चालेल. सील आणि बेअरिंगची वस्तू नवीच हवी.

हळद मात्र आधी बाहेर काढावी लागेल. ड्रायव्हर मंडळींचा हा जुना उपाय आहे आणि रस्त्यात अडकल्यावर घरापर्यंत पोहोचायला त्याने मदत होतही असेल. पण ती फक्त भोकातच जाऊन बसत नाही. रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत गाळ होऊन साचते. पाकिटातल्या गळती-बंद पावडरींचंही तेच. थर्मोस्टॅट बाहेर आहे तोवरच स्वच्छ पाणी येईपर्यंत पूर्ण धुवून घ्या, हीटर चालू ठेवून, म्हणजे तिकडचंही निघेल.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, किंवा सरळ तयार मिश्रण. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून नळाचं पाणी चालतं, असं बरेच जण मानतात. पण कूलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून नसतं. ते अ‍ॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतं आणि उकळबिंदू वाढवतं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं, ते तसं मऊ. पण सोसायटीत टँकर किंवा बोअरवेलचं पाणी येत असेल तर त्याचे क्षार आत थर धरतात. भरून झालं की टोपी उघडी ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून, पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. आतली हवा निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा भरा. गरम इंजिनवर टोपीला कधीही हात लावायचा नाही. वाफेने तोंड भाजतं.

बॉडी सडलेली नसेल, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) ठीक असेल, तर ही गाडी पंप बदलून आणखी चालवावी असंच मी म्हणेन. फिटनेस आणि कर दोन्हींचं झालेलं आहेच.

प्रश्न : माझ्या जुन्या वॅगन आरच्या डाव्या सीटखालची चटई सारखी ओली होते. पाऊस नसतानाही. एसीचं पाणी असेल का? – एक वाचक, दादर

उत्तर : बोट लावून बघा. वास नसलेलं, साधं पाणी असेल तर एसीच्या पाण्याची बाहेर जाणारी नळी तुंबली आहे. बाहेरून हवा मारली की मोकळी होते. पाणी चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट थर बसत असेल, तर डॅशबोर्डच्या आतला हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. तो काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तोवर इंजिनच्या बाजूने हीटरला जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून हीटर वगळता येतो, मुंबईत अडत नाही. पावसात काचेवरचं धुकं एसीनेही जातं.

चटई धुतलेलं पाणी मात्र सोसायटीच्या आवारात ओतू नका. कूलंट चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना थोडंसंही जीवघेणं ठरतं. गाडीखाली सांडलं असेल तर भरपूर पाणी मारून धुवा. गॅरेजमध्ये काढलेलं जुनं कूलंटही डब्यात भरून घ्यायला सांगा.