एफडी मोडून रोख देण्याआधी

प्रश्न: वय ३८, पुण्यात नोकरी. माझी बचत देशाच्याही कामी यावी असं वाटतं. एजंटने सुचवलेली गॅरंटीड विमा योजना (वर्षाला ५०,००० रुपये, १५ वर्षं, शेवटी ११ लाख) घेऊ की पीपीएफ (सरकारची दीर्घ मुदतीची बचत योजना)? पुढच्या महिन्यात नव्या बांधकामातल्या फ्लॅटचा करार आहे. किंमत ६० लाख, त्यातले १२ लाख रोख द्यायचेत. त्यासाठी एफडी मोडतोय. सात वर्षांत फ्लॅट दुप्पट होईल, असं बिल्डर म्हणतो.

उत्तर: पीपीएफ. एजंटच्या योजनेत साडेसात लाख भरून अकरा लाख हाती येतात, म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेपाच टक्के. आजचा ७.१ टक्के दर टिकला तर पीपीएफमध्ये साडेतेरा लाख होतील, तेही करमुक्त. शिवाय तो पैसा सरकारच कर्जाऊ वापरतं. गॅरंटी या शब्दावर अशा योजना गळ्यात मारणं आता थांबायला हवं.

पण मला काळजी वाटते ती त्या बारा लाखांची. पगारावर कर भरून साठवलेला पांढरा पैसा तुम्ही स्वतःच्या हाताने काळा करताय. आणि कशासाठी? करारात न दाखवलेल्या या रकमेवरच्या ७ टक्के मुद्रांक शुल्काचे ८४ हजार आणि ५ टक्के जीएसटीचे ६० हजार, असे दीड लाखाच्या आतबाहेर वाचवायला. त्या शुल्कात मेट्रोचा एक टक्का अधिभारही आहे. देशाचा वाटा आधी इथे चुकतोय, मग पीपीएफमधून देशसेवा कशी होणार?

बरं, वाचत तरी काय? करारात ४८ लाखच दिसणार. उद्या फ्लॅट विकलात की हे बारा लाख तुमचा नफा धरले जातील आणि आजच्या साडेबारा टक्के दराने दीड लाख कर लागेल. वाचवलं तेवढं गेलं! ताबा रखडला आणि महारेराकडे (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) परतावा मागायची वेळ आली, तर या रोख रकमेचा पुरावा कुठून आणणार? सात वर्षांत दुप्पट म्हणजे दरवर्षी दहा टक्के वाढ. ती बिल्डरने लिहून दिलेली नाही.

मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. बिल्डरला हे ठाऊक असतं. एफडी मोडण्याआधी त्याला स्पष्ट सांगा: करार पूर्ण ६० लाखांचा आणि सगळे पैसे बँकेतून. शुल्क आणि जीएसटीचे वरचे दीड लाख त्या एफडीतूनच बाजूला ठेवा आणि फ्लॅटच्या किमतीत तेवढे कमी पडतील ते गृहकर्जातून घ्या. तो तयार नसेल तर दुसरा फ्लॅट बघा.