पूक शैलीची ओळख: आधी एवढंच बघा

माया लोकांची पूक ही बांधकामशैली समजून घ्यायचीय? छान विषय निवडलात! फक्त सगळी माया संस्कृती एकदम कवेत घेऊ नका. मेक्सिकोतल्या युकातानमधलं उश्माल हे जुनं माया शहर घ्या आणि तिथला 'गव्हर्नरचा वाडा' निवांत बघा. जवळपास 100 मीटर लांब इमारत. खालची भिंत साधी, गुळगुळीत आणि वरच्या पट्ट्यात नक्षीची दाटी. पूक शैलीची पहिली खूण हीच.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- नक्षी जागेवर कोरलीय असं वाटतं. ती सुटे घडीव दगड जुळवून केलेली असते. त्याच भागातल्या काबाह या माया शहरातल्या मुखवट्यांच्या भिंतीवरचा एकच मुखवटा घ्या आणि डोळा, भुवई, सोंडेसारखं नाक यांचे सांधे शोधा. मी अख्खी दुपार एका नाकापाशी काढली होती, आणि तेव्हाच ही शैली कळली.
- लाबना या तिथल्याच आणखी एका माया शहरातली कमान आपल्या वेशीच्या कमानीसारखी धरतात. तिथे दगड थराथराने आत सरकत जातात.
- नजर फक्त वर! पायाखालीही बघा. या भागात नद्या नाहीत. पावसाचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी, चुलतून, जागोजागी दिसेल.

मुखवटे पर्जन्यदेव चाकचे की डोंगराचे, हा वाद सध्या बाजूला ठेवा. कालगणनाही नंतर, आत्ता इसवी सनाचं 8वं ते 10वं शतक एवढं पुरे.