टाकी उतरवण्याआधी तार तपासा

प्रश्न : वडिलांनी १९७६ साली घेतलेली प्रीमिअर पद्मिनी आम्ही आजही जपली आहे आणि दर रविवारी मी ती वरळीपर्यंत फिरवून आणतो. यंदाच्या पावसाळ्यापासून पेट्रोलचा काटा शून्यावरच पडून आहे; टाकी भरली तरी तो हलत नाही. टाकी उतरवून टँक युनिट (टाकीतील पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) बदलावे लागेल, असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले. आमच्या इमारतीच्या तळघरातील पार्किंगमध्ये हे काम करून घेतले तर चालेल का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तळघरात हे काम कोणत्याही परिस्थितीत करू देऊ नये, हे आधी स्पष्टपणे सांगतो. त्याचे कारण पुढे येईलच, पण त्याआधी टाकी उतरवण्याची खरोखरच गरज आहे का, ते पाहायला हवे. काटा बंद पडला की दोष टाकीतच आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तो डॅशबोर्डमधील मीटरमध्ये, मधल्या तारेत, अर्थिंगमध्ये किंवा टाकीतील युनिटमध्ये असू शकतो आणि यांपैकी पहिल्या तिन्हींसाठी टाकी उतरवावी लागत नाही.

चावी बंद ठेवून, गाडी मोकळ्या हवेत उभी करून, टँक युनिटवरची मीटरकडे जाणारी तार काढावी आणि तिचे टोक कशालाही लागू न देता चावी चालू करून काटा कुठे थांबतो ते पाहावे. मग चावी पुन्हा बंद करून तेच टोक एका जोडतारेने टाकीपासून दूर, बॉडीच्या स्वच्छ पत्र्याला जोडावे आणि क्षणभर चावी फिरवावी. तार सोडलेली असताना काटा एका टोकाला आणि जोडल्यावर दुसऱ्या टोकाला जात असेल, तर मीटर व तार दोन्ही ठीक आहेत. जोडणी नेहमी चावी बंद असतानाच करावी, कारण टाकीजवळ एक ठिणगीही उडता कामा नये. युनिटवर दोन तारा असतील तर त्यातली एक बहुधा रिझर्व्हच्या दिव्याची असते. ती ओळखून बाजूला ठेवावी.

मीटर ठीक निघाले तरी लगेच पाना हातात घेऊ नये. टँक युनिटचा विद्युतप्रवाह टाकीच्या पत्र्यातून बॉडीकडे जातो आणि मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत टाकीच्या बोल्टांखाली नेमका गंज धरतो. आपला काटा पावसाळ्यातच पडला, ही गोष्ट मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. आधी काढलेली तार परत लावून, युनिटच्या कड्यापासून बॉडीपर्यंत एक वेगळी अर्थची तार तात्पुरती जोडून पाहावी. काटा उठला, तर बोल्टांखालचा पत्रा घासून स्वच्छ करणे आणि ती तार कायमची बसवणे एवढेच काम उरते. दादरच्या एका परिचितांच्या गाडीची टाकी उतरवून, नवे युनिट घालून पुन्हा चढवली गेली, तरीही काटा शून्यावरच राहिला. शेवटी दोष निघाला तो गंजलेल्या एका बोल्टाचा. त्या माणसाची दोन दिवसांची तगमग मी पाहिली आहे.

अर्थ दिल्यावरही काटा उठला नाही, तरच युनिट बाहेर काढावे. त्याच्या दांड्याला टोकाशी तरंगता फ्लोट असतो. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो भोक पडून बुडाला आहे आणि काटा शून्यावर राहण्याचे कारण सापडले. अशा फ्लोटला डाग देण्याच्या भानगडीत पडू नये, तो बदलावा. फ्लोट कोरडा असेल, तर मल्टिमीटर (विद्युतरोध मोजणारे यंत्र) जोडून दांडा सावकाश वरखाली करावा. रोध टप्प्याटप्प्याने न बदलता मध्येच तुटत असेल, तर आतली बारीक तार झिजली आहे आणि युनिटच बदलावे लागेल. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये झाली होती आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून हटल्या. त्यामुळे सुट्या भागांची मागणी घटली आहे. ऑपेरा हाउस व कुर्ल्याच्या दुकानांत चौकशी करताना जुने युनिट सोबत न्यावे आणि दांड्याची लांबी जुळवूनच नवे घ्यावे.

युनिटपर्यंत हात पोहोचत नसेल किंवा आत गंजाचा गाळ दिसला, तर मात्र टाकी उतरवणे रास्त आहे. त्यासाठी आधी गाडी चालवून पेट्रोल शक्य तितके संपवावे, बॅटरीची ऋण तार काढावी आणि उरलेले पेट्रोल हातपंपाने धातूच्या डब्यात घ्यावे. तोंडाने नळी ओढण्याची जुनी सवय घातक आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि तळघरात किंवा गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोक्याची असते, कारण हवेत सुमारे दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की ते मिश्रण पेट घेते. म्हणून तिला वेल्डिंग करू देऊ नये. गळती असेल, तर टाकी आतून धुऊन, वाफ देऊन दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडेच ती सोपवावी.

टाकी खाली असतानाच रबरी पाइप आणि युनिटखालचे पॅकिंग बदलून घ्यावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबराला सोसत नाही आणि ओलावाही शोषून घेते; तेव्हा इथेनॉल सोसणारा पाइपच मागावा. पॅकिंगऐवजी साधे सिलिकॉन लावले, तर ते पेट्रोलने फुगून सुटते.

टाकी परत बसवल्यावर एकदम भरू नये. पाच-पाच लिटर टाकत जावे, दर वेळी काटा कुठे येतो ते कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद गाडीतच ठेवावा.