शॅक बंद असताना कोणती बिले आधी भरावीत?
गोव्यातील कळंगुटचा शॅक (किनाऱ्यावरचे हंगामी उपाहारगृह) मेअखेर बंद झाल्याने ऑक्टोबरपर्यंत पगार नाही, असे आपण लिहिले आहे. शिलकीतून प्रथम किराणा, औषधे, घरभाडे आणि वीज-पाण्याची बिले यांसाठी पैसे बाजूला काढावेत. त्यानंतर घर किंवा दुचाकी तारण असलेले हप्ते येतात. हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेत लेखी अर्ज करून मुदतवाढ मागावी, कारण थकबाकी ९० दिवसांपलीकडे गेली की कर्ज अनुत्पादित (एनपीए, म्हणजे वसुली अडकलेले) ठरते आणि बोलणी फार कठीण होतात. क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरल्यास उरलेल्या रकमेवर बहुधा दरमहा ३ टक्क्यांहून अधिक व्याज चढते, म्हणून त्यावर नवी खरेदी मुळीच करू नये. चवथीचा (गणेशचतुर्थीचा) खर्चही आताच धरावा. आमची आई त्यासाठीचे पैसे जूनपासून वेगळ्या डब्यात ठेवी, त्यामुळे माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीच्या) सामानासाठी उधारी करावी लागत नसे.