स्पीड भरपूर, तरी कॉल अडतो

प्रश्न : स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, तरी मुंबईच्या मुलीशी व्हिडिओ कॉल अडखळतो. असं कसं? – एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : काका, ती टेस्ट बहुधा जवळच्याच सर्व्हरपर्यंतचं मोजते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘ट्रेसर्ट’ (tracert) ही रस्ता दाखवणारी आज्ञा चालवा, पुढे एखाद्या साइटचं नाव टाका. ते आधी एका टप्प्याचं आयुष्य असलेलं पॅकेट (माहितीचं छोटं पुडकं) सोडतं, मग दोन टप्प्यांचं, मग तीन... आयुष्य जिथे संपतं, तिथला राउटर उलट निरोप धाडतो. असा रस्ता उलगडत जातो, आणि प्रत्येक ओळीत तिथवर जाऊन-यायला लागलेला वेळ मिलिसेकंदांत दिसतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी धावतो. म्हणजे ८०० किमीवरची मुंबई, जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद. वळसे धरून २० समजा. पहिल्याच ओळीत, म्हणजे घरच्याच राउटरपाशी, ८० दिसले तर कंपनीशी भांडण्याआधी वायफाय सोडून केबल लावून पाहा. मधल्या ओळींत वेळेऐवजी चांदण्या (*) दिसल्या तर घाबरू नका, काही राउटर उत्तरच देत नाहीत.