सी-हेवीतली साखर रेझिनने काढायची तर

प्रश्न असा आहे: सी-हेवी मोलॅसिसमध्ये (साखर काढून झाल्यावर शेवटी उरणाऱ्या मळीत) ३० टक्क्यांच्या आसपास सुक्रोज, म्हणजे साखर, उरते, बीटपासून साखर करणारे ती क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे रेझिनच्या मण्यांतून द्रव सोडून घटक वेगळे करून, काढतात, मग उसाच्या कारखान्यात का नाही?

निघते, पण खरी अडचण कॉलमच्या (रेझिन भरलेल्या उभ्या टाकीच्या) आधीच आहे.

कॉलममध्ये पोटॅशियम स्वरूपातले स्ट्राँग कॅटायन रेझिन (धन आयन धरून ठेवणारे मणी) असते. मणी ०.३ मिमीच्या जवळपास आणि एकसारखे, तापमान ८० अंश, फीड (आत सोडलेले मोलॅसिस) साधारण ६० ब्रिक्स, म्हणजे ६० टक्के विरघळलेले घन. ते पुढे ढकलायला गरम कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी), तेही हवा काढलेले. नाहीतर बुडबुडे सुटून रेझिनमध्ये वाटा पडतात. क्षारांना मण्यात शिरता येत नाही, म्हणून ते रंगासह आधी बाहेर पडतात. मागून सुक्रोज, शेवटी ग्लुकोज-फ्रुक्टोज.

बीटमध्ये रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोज-फ्रुक्टोज) नगण्य. आपल्याकडे ती भरपूर, त्यामुळे सुक्रोजची शेपटी तिच्यात मिसळते. कट, म्हणजे सुक्रोजचा भाग गोळा करणे थांबवायची वेळ, लवकर घेतला तर साखर जाते, उशिरा घेतला तर प्युरिटी (एकूण घनांतला साखरेचा वाटा) पडते.

त्याहून मोठा त्रास कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. ते रेझिनवरच्या पोटॅशियमची जागा घेतात आणि क्षार-साखर वेगळे होणे हळूहळू मंदावते. कंडक्टिव्हिटीचा आलेख सुक्रोजच्या आलेखावर सरकू लागला की आधी फीडची हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण) तपासा. रेझिन खराब आहे असे लगेच ठरवू नका. गाळण नीट नसेल तर गम आणि जिप्समचे कण वरच्या थरात अडकतात, प्रेशर ड्रॉप चढतो.

पीएचलाही मोकळीक नाही. ८० अंशांवर पीएच ७ च्या खाली गेला की सुक्रोजचे इन्व्हर्जन, म्हणजे ते ग्लुकोज-फ्रुक्टोजमध्ये तुटणे. फार वर नेला तर रिड्यूसिंग शुगर फुटून ॲसिड आणि रंग वाढतो. बीटवाले ९ च्या आसपास निर्धास्त चालवतात, तसे इथे करू नका. याच कारणाने जुनी स्टेफन पद्धत, म्हणजे थंड पातळ मोलॅसिसमध्ये बारीक चुना घालून साखरेचा सॅकरेट (चुना-साखरेचा साका) गाळणे, उसावर बसत नाही.

माझे स्पष्ट मत: आधी सी-मॅसक्विट (शेवटच्या उकळीतले दाणे आणि मळीचे दाट मिश्रण) तपासा. ते ४० अंशांपर्यंत खरोखर थंड होते का? पुन्हा तापवताना सॅच्युरेशनच्या वर जाऊन दाणा विरघळतो का? सेंट्रिफ्यूगलवर (दाणे मळीपासून वेगळे करणाऱ्या फिरत्या मशीनवर) पाणी जास्त पडते का? नच फिल्टरने (दाबाने गाळणाऱ्या छोट्या गाळणीने) मदर लिकरची, म्हणजे दाण्यांभोवतीच्या द्रवाची, प्युरिटी काढा आणि फायनल मोलॅसिसशी ताडून पाहा. फरक मोठा असेल तर साखर मशीनवरच वाहून जाते आहे, आणि ती थांबवायला रेझिन लागत नाही.